एसआर-आयओव्ही सपोर्ट जोडताना: व्हीएफ दिसतात, पण प्रोबमध्ये अडकतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पीसीआय एक्सप्रेस नेटवर्क कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर तुमच्याकडे बरीच वर्षं नीट चालतोय. नव्या चिपमध्ये एसआर-आयओव्ही (एकच कार्ड अनेक व्हर्च्युअल मशीनना वाटून देण्याची सोय) आलं, म्हणून ड्रायव्हरमध्ये ‘पीसीआय_एनेबल_एसआरआयओव्ही’ हा कॉल टाकला. एलएसपीसीआयच्या यादीत व्हीएफ, म्हणजे व्हर्च्युअल मशीनना देता येणारी कार्डाची हलकी फंक्शन, दिसतात, पण व्हीएफचा ड्रायव्हर प्रोबमध्येच, म्हणजे उपकरण ताब्यात घेण्याच्या पायरीवरच, अडकतो. रीसेटच्या संदेशाला पीएफकडून, म्हणजे होस्टच्या (मूळ मशीनच्या) ताब्यातल्या मुख्य फंक्शनकडून, उत्तर येत नाही आणि तो टाइमआउट होतो. कधी मात्र तोच ड्रायव्हर, काहीही न बदलता, चालून जातो. शिवाय व्हीएफ बंद करताना एकदा होस्टच पॅनिक झाला. हे कशामुळे होतं, आणि सपोर्ट पूर्ण करायला आणखी काय लागेल?

दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच आहे: क्रम. तो कॉल टाकणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. त्याच्या आधी काय तयार हवं, आणि त्याच्यानंतर कार्डातली कोणती गोष्ट कोणाच्या ताब्यात आहे, हे ठरवण्यात खरा वेळ जातो. आजवर तुमचा ड्रायव्हर त्या कार्डाचा एकटा धनी होता. व्हीएफ चालू झाले की त्याच कार्डावर दुसऱ्याच्या व्हर्च्युअल मशीनमधले ड्रायव्हर बसतात. ते तुम्ही लिहिलेले असतीलच असं नाही आणि त्यांच्यावर विश्वास ठेवता येत नाही. पीएफच्या ड्रायव्हरला आता कारभाऱ्याची भूमिका घ्यावी लागते, आणि जुना कोड त्या भूमिकेसाठी लिहिलेलाच नसतो.

आधी पाया पक्का करू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पीसीआयची मानकं ठरवणाऱ्या पीसीआय-सिगने एसआर-आयओव्हीचा पहिला स्पेक २००७ मध्ये काढला, आणि लिनक्स कर्नलमध्ये त्याचा गाभा २.६.३० मध्ये, म्हणजे २००९ मध्ये आला. पीएफ हे पूर्ण पीसीआय फंक्शन. त्याच्या विस्तारित कॉन्फिग स्पेसमध्ये (उपकरणाची ओळख आणि मांडणी ठेवणारी रजिस्टर) ६४ बाइटची एक केपेबिलिटी, म्हणजे या सोयीसाठीच्या रजिस्टरांचा गट, असते. जास्तीत जास्त किती व्हीएफ, सध्या किती, पहिला व्हीएफ किती अंतरावर, दोन व्हीएफमध्ये किती अंतर, व्हीएफचा डिव्हाइस आयडी, व्हीएफचे बार (उपकरणाच्या मेमरीचा पत्ता सांगणारी रजिस्टर), हे सगळं तिथे असतं. व्हीएफ हे मात्र मुद्दाम हलकं ठेवलेलं फंक्शन आहे. त्याच्या स्वतःच्या कॉन्फिग स्पेसमध्ये व्हेंडर आणि डिव्हाइस आयडी वाचले तर सगळे बिट एक येतात, बार शून्य येतात, आणि मेमरी चालू करण्याचा बिट तिथे असून नसल्यासारखा. तो अधिकार पीएफच्या केपेबिलिटीत आहे. जुनी लाइन-इंटरप्टची पद्धतही व्हीएफला नाही, फक्त एमएसआय किंवा एमएसआय-एक्स. गेस्टला (व्हर्च्युअल मशीनला) हे सगळं व्यवस्थित भरलेलं दिसतं ते व्हीएफआयओ (उपकरण गेस्टच्या हाती देणारा कर्नलचा भाग) मधे बसून भरून देतं म्हणून. त्यामुळे तुमच्या व्हीएफ ड्रायव्हरने या रजिस्टरांवरून कसलेही निष्कर्ष काढू नयेत.

पत्ता कसा ठरतो ते एकदा हाताने काढून बघा, पुढे डीबगिंगला उपयोगी पडतं. इंटेल ८२५७६ हे १ गिगाबिटचं जुनं, सगळ्यांच्या माहितीतलं कार्ड घेऊ. पीएफ आहे ०१:००.० वर. बस, डिव्हाइस आणि फंक्शन एकत्र धरून १६ बिटांचा राउटिंग आयडी होतो, इथे हेक्समध्ये ०१००. एआरआय (एका उपकरणाला आठपेक्षा जास्त फंक्शन देणारी पीसीआय एक्सप्रेसची सोय) चालू असताना या कार्डाचा पहिला ऑफसेट १२८ आहे, हेक्समध्ये ८०. बेरीज ०१८०. खालचे आठ बिट ८०, त्यातले वरचे पाच बिट म्हणजे डिव्हाइस १० (हेक्स), खालचे तीन बिट म्हणजे फंक्शन ०. म्हणून पहिला व्हीएफ ०१:१०.० वर उगवतो. स्ट्राइड (दोन व्हीएफमधलं अंतर) २ असल्याने पुढचे ०१:१०.२ आणि ०१:१०.४. मधले विषम आकडे दुसऱ्या पोर्टाच्या व्हीएफचे. एआरआय नसेल तर याच कार्डाचा ऑफसेट ३८४ होतो आणि व्हीएफ चक्क पुढच्या बस नंबरवर जातात.

बरेच जण इथेच पहिल्यांदा अडकतात. बायोसने त्या पीसीआय ब्रिजमागे जादा बस नंबर राखून ठेवलेला नसेल तर कर्नल ‘बस आउट ऑफ रेंज’ म्हणून नकार देतं. दुसरा नकार मेमरीचा असतो. एका व्हीएफला १६ केबीचा बार आणि एकूण ६४ व्हीएफ म्हणजे एका बारसाठी १ एमबी सलग जागा लागते, आणि ती सगळे व्हीएफ चालू केले नाहीत तरी लागते. ६४ केबी पानांचं कर्नल चालवणाऱ्या एआरएम सर्व्हरवर प्रत्येक व्हीएफचा तुकडा ६४ केबीपर्यंत वाढतो, म्हणजे तेच कार्ड चौपट जागा मागतं. हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे, कारण एक पान एकाच गेस्टच्या हाती गेलं पाहिजे. बायोसमध्ये एसआर-आयओव्ही आणि ‘४जीच्या वर डिकोडिंग’ हे पर्याय चालू करा. तरी जमलं नाही तर कर्नलला ‘पीसीआय=रिअलॉक’ देऊन बघा. तुमच्याकडे व्हीएफ दिसत आहेत, म्हणजे हा टप्पा तुम्ही पार केला आहे. ग्राहकाच्या मशीनवर मात्र हा पुन्हा भेटेल, तेव्हा त्रुटीचा संदेश स्पष्ट छापायची सोय आत्ताच करून ठेवा.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे. ‘पीसीआय_एनेबल_एसआरआयओव्ही’ आत काय करतं? केपेबिलिटीत व्हीएफ चालू करण्याचा आणि त्यांच्या मेमरीचा बिट लावतं, स्पेकप्रमाणे १०० मिलिसेकंद थांबतं, आणि मग एकेक व्हीएफ पीसीआय बसवर नोंदवतं. व्हीएफ नोंदला जाताच कर्नल त्याला जुळणारा ड्रायव्हर शोधतं. तो मॉड्यूल आधीच लोड असेल तर त्याचा प्रोब तुमचा कॉल परत यायच्या आधीच पूर्ण चालतो. प्रोबमध्ये व्हीएफ काय करतो? मेलबॉक्समध्ये (पीएफ आणि व्हीएफ यांच्या निरोपांची कार्डातली जागा) ‘रीसेट’ टाकतो आणि पीएफच्या उत्तराची वाट बघतो. तुमच्या कोडमध्ये व्हीएफची माहिती ठेवणारा अ‍ॅरे, क्यूंची वाटणी आणि मेलबॉक्सचा इंटरप्ट हे सगळं त्या कॉलच्या खाली लिहिलं असेल, तर उत्तर देणारं कोणी जागेवर नसतं.

आणि ‘कधी चालतो’ याचंही उत्तर यातच आहे. व्हीएफचा मॉड्यूल लोड नसेल तर कर्नल फक्त यूडेव्हला (उपकरण दिसलं की मॉड्यूल लोड करणारा यूजरस्पेसमधला प्रोग्राम) खबर देतं. यूडेव्ह मॉड्यूल आणेपर्यंत तुमचं फंक्शन परत आलेलं असतं, मेलबॉक्स जागा झालेला असतो, आणि प्रोब सुरळीत पार पडतो. होस्ट नुकताच सुरू केला की चालतं, व्हीएफ एकदा बंद करून पुन्हा चालू केले की अडकतं, असा अनुभव तुम्हाला येत असेल तर निदान पक्कं समजा. तपासायचं असेल तर ‘एसआरआयओव्ही_ड्रायव्हर्स_ऑटोप्रोब’ या सिसएफएस (कर्नलच्या सेटिंग फाइलींच्या रूपात दाखवणारी जागा) फाइलीत आधी ० लिहा (४.१२ पासून ही फाइल आहे), व्हीएफ चालू करा आणि मग एक व्हीएफ हाताने बाइंड करा. प्रत्येक वेळी चालला तर क्रमच चुकलेला आहे.

भाडेकरूच्या हाती किल्ली देण्याआधी नळाला पाणी आहे का ते घरमालकाने बघायचं असतं, तसा हा क्रम आहे. आधी मागितलेली संख्या तपासा, मग प्रत्येक व्हीएफची नोंद ठेवायला मेमरी घ्या. मग हार्डवेअरमध्ये पूल (क्यूंचे गट) आणि क्यू वाटून द्या. ८२५७६ मध्ये पाठवायच्या १६ आणि घ्यायच्या १६ क्यू आहेत, आठ पूल केले की प्रत्येकाच्या वाट्याला दोन-दोन येतात. या वाटणीत पीएफच्या स्वतःच्या क्यू कमी होतात, म्हणजे चालू ट्रॅफिक थांबवून त्याची मांडणी बदलावी लागते. पोर्ट वापरात असताना कोणी व्हीएफ मागितले तर काय, हे या पायरीवर ठरतं. त्यानंतर मेलबॉक्सचा इंटरप्ट चालू करा, त्याचा हँडलर खरोखर उत्तर देतो याची खात्री करा, आणि सगळ्यात शेवटी तो कॉल करा. कॉल फसला तर याच पायऱ्या उलट्या क्रमाने उतरा.

मेलबॉक्सच्या इंटरप्टबद्दल एक जुनी गोम. इंटेलचे व्हीएफ ड्रायव्हर चालवलेल्यांनी ‘पीएफ अजून रीसेट अवस्थेत आहे, पीएफचा इंटरफेस अप आहे का?’ या अर्थाचा संदेश कधी ना कधी पाहिलेला असतो. त्या जुन्या ड्रायव्हरांमध्ये मेलबॉक्सचा व्हेक्टर इंटरफेस अप केल्यावरच जागा होतो. होस्टला स्वतःसाठी ते पोर्ट नको असेल आणि त्याने ते डाउन ठेवलं असेल, तर सगळे व्हीएफ मुके होतात. तुम्ही नवीन लिहिताय, तर हा व्हेक्टर पीएफच्या प्रोबमध्येच मागा आणि ड्रायव्हर आहे तोवर चालू ठेवा. पोर्ट अप-डाउन होणं आणि कारभार चालू असणं या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून ठेवू नका.

कुलपांचं गणित इथेच मांडून ठेवतो. ३.८ पासून व्हीएफची संख्या सिसएफएसमधल्या ‘एसआरआयओव्ही_नमव्हीएफएस’ या फाइलीतून येते आणि कर्नल तुमच्या पीसीआय ड्रायव्हरमधला ‘एसआरआयओव्ही_कॉन्फिगर’ हा कॉलबॅक बोलावतं. त्या वेळी पीएफचं डिव्हाइस लॉक कर्नलने धरलेलं असतं. तुम्ही आत आरटीएनएल लॉक (नेटवर्क मांडणी बदलतानाचं कर्नलचं सामाईक लॉक) धरून व्हीएफ चालू केलेत, तर व्हीएफचा प्रोब नेटडेव्ह (नेटवर्क इंटरफेस) नोंदवताना तेच लॉक मागेल, तुमचा कॉल त्या प्रोबची वाट बघेल आणि दोघे एकमेकांना अडवून बसतील. म्हणून पीएफच्या क्यू बदलायला आरटीएनएल घ्या, ते काम संपलं की सोडा, आणि मगच व्हीएफ चालू करा. कॉलबॅकने यशस्वी झाल्यावर चालू झालेल्या व्हीएफची संख्या परत द्यायची असते, शून्य नव्हे. सवयीने शून्य परत दिलं जातं आणि मग व्हीएफ चालू असूनही कर्नल लॉगमध्ये ‘शून्यच चालू झाले’ अशा अर्थाचा चुकीचा इशारा छापतं. चारवरून थेट आठवर जाता येत नाही, आधी शून्य करावं लागतं. ती अट कर्नल स्वतःच ‘बिझी’ म्हणून पाळून घेतं, तुम्ही वेगळा कोड लिहू नका. आणि पूर्वीसारखा ‘मॅक्स_व्हीएफएस’ हा मॉड्यूल पॅरामीटर तर अजिबात आणू नका.

आता पॅनिक. व्हीएफ बंद करताना बहुतेकांचा कोड आधी व्हीएफची संख्या शून्य करतो, अ‍ॅरे सोडून देतो, आणि त्याच वेळी दुसऱ्या सीपीयूवर मेलबॉक्सचा हँडलर त्याच अ‍ॅरेत हात घालून बसलेला असतो. हा प्रकार दुर्मिळ नाही. इंटेलच्या आयएक्सजीबीई आणि आयजीबी या दोन्ही मुरलेल्या ड्रायव्हरांमध्ये नेमकी हीच शर्यत २०२२ मध्ये दुरुस्त झाली, व्हीएफच्या माहितीभोवती एक स्पिनलॉक लावून. बंद करण्याचा क्रम असा ठेवा: आधी ‘पीसीआय_डिसेबल_एसआरआयओव्ही’. त्याच्या आत व्हीएफ ड्रायव्हरांचे रिमूव्ह चालतात आणि ते जाता जाता मेलबॉक्समध्ये निरोप टाकू शकतात, म्हणून तोपर्यंत मेलबॉक्स जिवंत हवा. मग लॉक धरून संख्या शून्य करा, लॉक सोडा, चालू असलेलं मेलबॉक्सचं काम संपेपर्यंत थांबा आणि मग मेमरी सोडा. हँडलरनेही प्रत्येक वेळी लॉकच्या आत संख्या पाहूनच अ‍ॅरेला हात लावायचा.

यातलाच एक प्रश्न: व्हीएफ गेस्टच्या हाती असताना होस्टवर कोणी शून्य लिहिलं तर? जुने ड्रायव्हर ‘पीसीआय_व्हीएफएस_असाइन्ड’ विचारून नकार देतात. ती तपासणी ठेवा, पण तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नका. ती डिव्हाइसवरचं एक निशाण पाहते, आणि ते निशाण लावणं केव्हीएमच्या जुन्या असाइनमेंट पद्धतीत आणि झेनमध्ये होतं, व्हीएफआयओ ते लावत नाही. व्हीएफआयओची रीत वेगळी आहे. ते क्यूएमूला (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) ‘डिव्हाइस परत द्या’ अशी विनंती पाठवतं आणि ते सुटेपर्यंत थांबून राहतं. म्हणजे शून्य लिहिणारा कमांड लटकलेला दिसेल, आणि पीएफचं डिव्हाइस लॉकही तोवर धरलेलं राहील. तुमच्या वॉचडॉग किंवा रीसेटच्या कामाला ते लॉक लागत असेल तर सगळं पोर्ट अडकेल. तिथे लॉक न मागता काम होईल अशी मांडणी करा.

पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच घाईत उरकला जातो. मेलबॉक्समधून येणारा प्रत्येक संदेश हा परक्याकडून आलेला आहे. यूजरस्पेसमधून आलेल्या आयओसीटीएलकडे तुम्ही ज्या नजरेने बघता त्याच नजरेने, किंबहुना जास्त संशयाने, याकडे बघा, कारण इथे समोर एक अख्खं कर्नल आहे आणि ते कोणाच्याही हाती असू शकतं. ८२५७६ मध्ये प्रत्येक व्हीएफचा मेलबॉक्स ६४ बाइटचा, म्हणजे ३२ बिटांचे १६ शब्द. आधी तो पूर्ण स्वतःच्या मेमरीत उतरवून घ्या आणि मग तपासा. हार्डवेअरमधून एकदा लांबी वाचली, तपासली, आणि वापरताना पुन्हा वाचली, तर मधल्या वेळात गेस्ट ती बदलू शकतो. कोणत्या व्हीएफने संदेश पाठवला हे हार्डवेअर जे सांगेल तेच खरं धरा, संदेशाच्या मजकुरात लिहिलेला व्हीएफ नंबर नव्हे. क्यूचा नंबर, रिंगची लांबी, मल्टिकास्ट पत्त्यांची संख्या, व्हीएलएएन, प्रत्येकाला वरची मर्यादा हवी. अ‍ॅरेच्या इंडेक्सला तर ‘अ‍ॅरे_इंडेक्स_नोस्पेक’ (सीपीयूने अंदाजाने मर्यादेबाहेरचं वाचू नये म्हणून) सुद्धा. इंटेलच्या आय४०ई ड्रायव्हरला इतकी वर्षं वापरात राहूनही २०२५ मध्ये व्हीएफच्या संदेशांच्या तपासणीतल्या दुरुस्त्यांची एक मालिका घ्यावी लागली: क्यूच्या इंडेक्सची तपासणी, फिल्टरांच्या संख्येवर मर्यादा, व्हीएफच्या अवस्थेची खातरजमा.

संदेशांचा पूर आला तर काय, हेही ठरवा. एका गेस्टने मेलबॉक्स सतत वाजवत ठेवला तर बाकीच्यांची उत्तरं उशिरा जायला नकोत. इंटेलच्या आइस ड्रायव्हरमध्ये असा व्हीएफ ओळखून होस्टच्या लॉगमध्ये इशारा देण्याची सोय आहे. तुमच्याकडे निदान इतकं तरी हवं: इंटरप्टमध्ये फक्त नोंद घ्या, काम वर्कक्यूमध्ये करा, एका फेरीत एका व्हीएफचा एकच संदेश घ्या, आणि चुकीच्या संदेशांबद्दलची छपाई रेट-लिमिट करा. नाहीतर गेस्ट तुमच्या होस्टची लॉगची डिस्क भरून टाकेल.

काही गोष्टी तर मेलबॉक्सपर्यंत येतही नाहीत, थेट तारेवर जातात. २०१५ मध्ये इस्राएलच्या टेक्निऑनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की एखाद्या गेस्टने आपल्या व्हीएफमधून इथरनेटच्या पॉझ फ्रेम सोडल्या तर समोरचा स्विच पूर्ण तार थांबवतो, आणि त्याच पोर्टावरचे बाकीचे गेस्ट, होस्टसकट, उपाशी राहतात. त्यात व्हीएफने कोणताही नियम हार्डवेअरच्या नजरेने मोडलेला नसतो. तुमच्या चिपला व्हीएफकडून येणाऱ्या अशा नियंत्रण फ्रेम टाकून द्यायचा फिल्टर असेल तर तो व्हीएफ चालू करतानाच लावा. मॅक पत्त्याच्या नकलेविरुद्धची तपासणीही मुळातच चालू ठेवा, ज्याला नको असेल तो बंद करेल. होस्टच्या अ‍ॅडमिनने व्हीएफचा मॅक ठरवून दिला असेल तर गेस्टने तो बदलायची मागणी केली तरी नकार द्या, आणि नकार होस्टच्या लॉगमध्ये दिसू द्या. आयजीबी ड्रायव्हर नेमकं हेच करतो.

हा मेलबॉक्सचा करार लिहिताना पहिल्या दिवसापासून आवृत्ती क्रमांक ठेवा. होस्टचं कर्नल तुम्ही बदलाल, गेस्टचं बदलणं तुमच्या हातात नाही. कोणाच्या तरी गेस्टमध्ये तुमचा सगळ्यात जुना व्हीएफ ड्रायव्हर अजून चालू असेल आणि तो नव्या पीएफशी बोलायला येईल. आयएक्सजीबीईमध्ये व्हीएफ आधी आपली आवृत्ती सांगतो, पीएफ ती मान्य करतो किंवा नाकारतो, आणि न ओळखलेल्या संदेशाला स्पष्ट नकार जातो. पीएफ आणि व्हीएफसाठी दोन वेगळे मॉड्यूल की एकच, हा प्रश्न त्यामानाने गौण आहे. इंटेलने वेगळे ठेवले, मेलानॉक्सने एमएलएक्स५ मध्ये एकच ठेवला, दोन्ही चालतात. तुमची व्हीएफची रजिस्टर पीएफपेक्षा फार वेगळी असतील तर वेगळा मॉड्यूल ठेवा, नाहीतर प्रत्येक फंक्शनमध्ये ‘हा व्हीएफ आहे का’ ही विचारणा भरत जाते.

रीसेटचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींची वाट वेगळी आहे. पहिला व्हीएफचा. प्रत्येक व्हीएफला एफएलआर (फक्त त्या एका फंक्शनचा रीसेट) असणं स्पेकने सक्तीचं केलं आहे, आणि गेस्ट बंद झाला किंवा मारला गेला की व्हीएफआयओ तो करतं. पण एफएलआर व्हीएफची स्वतःची रजिस्टर धुतो. पीएफच्या बाजूला ठेवलेले त्या व्हीएफचे मॅक फिल्टर, व्हीएलएएन, मल्टिकास्टच्या नोंदी, प्रॉमिस्क्युअसची परवानगी, हे तो धूत नाही. हार्डवेअर पीएफला ‘अमुक व्हीएफचा एफएलआर झाला’ असा इंटरप्ट देतं. त्या इंटरप्टमध्ये गेस्टने मागून घेतलेलं सगळं पुसायचं आणि अ‍ॅडमिनने ठरवून दिलेलं तेवढं परत लावायचं. हे राहिलं तर आधीच्या गेस्टच्या व्हीएलएएनचा ट्रॅफिक पुढच्या गेस्टला दिसतो, आणि दोघे वेगवेगळ्या ग्राहकांचे असतील तर हा सरळ डेटा फुटण्याचा प्रकार आहे. म्हणून प्रत्येक व्हीएफच्या नोंदीत ‘अ‍ॅडमिनने दिलेलं’ आणि ‘गेस्टने मागितलेलं’ हे दोन वेगळे स्ट्रक्चर ठेवा. एकाच स्ट्रक्चरमध्ये दोन्ही मिसळले की नंतर वेगळं करणं फार जिकिरीचं होतं.

दुसरा रीसेट पीएफचा. ट्रान्समिट अडकली म्हणून तुमचा ड्रायव्हर आजही चिप रीसेट करत असेल. आता त्या एका रीसेटमध्ये सगळ्या गेस्टांच्या क्यू जातात. आधी व्हीएफना मेलबॉक्समधून खबर द्या, मग रीसेट करा, वाटणी पुन्हा लिहा, आणि मग प्रत्येक व्हीएफने नव्याने ‘रीसेट’ मागितल्यावरच त्याची पाठवण्या-घेण्याची परवानगी चालू करा. इंटेलच्या रचनेत यासाठी ‘आता बोलायला मोकळीक आहे’ असं सांगणारा एक बिट पीएफच्या प्रत्येक संदेशात असतो. तो दिसेनासा झाला की व्हीएफचा वॉचडॉग समजतो की मागे काहीतरी घडलं आणि स्वतःला पुन्हा उभा करतो. पीएफवर एफएलआर झाला तर केपेबिलिटीतला व्हीएफ चालू असण्याचा बिटही जातो. ‘पीसीआय_रिस्टोअर_स्टेट’ तो आणि व्हीएफचे बार परत लावतं, चिपच्या आतल्या तुमच्या टेबलांची जबाबदारी मात्र तुमचीच. आणि व्हीएफ चालू असेपर्यंत पीएफला रनटाइम सस्पेंडमध्ये जाऊ देऊ नका, तो झोपला की व्हीएफही निकामी होतात.

आयओएमएमयूबद्दल (कोणतं उपकरण कोणत्या मेमरीला हात लावू शकतं हे ठरवणारं हार्डवेअर) तुमच्या ड्रायव्हरला वेगळं काही करावं लागत नाही, डीएमएचे पत्ते डीएमए एपीआयमधूनच घेतलेले असले म्हणजे झालं. होस्टवर इंटेलचं व्हीटी-डी किंवा एएमडीचं एएमडी-व्हीआय चालू हवं, आणि प्रत्येक व्हीएफ वेगळ्या आयओएमएमयू गटात पडला पाहिजे. वरच्या पोर्टाला एसीएस (उपकरणांचा आपसातला ट्रॅफिक वेगळा ठेवणारी सोय) नसेल तर सगळे एकाच गटात येतात आणि व्हीएफआयओ त्यातला एकच व्हीएफ वेगळा द्यायला नकार देतं. तो दोष तुमचा नसतो, पण तक्रार तुमच्याकडेच येईल.

होस्टवरून व्हीएफ सांभाळायचा इंटरफेस कोणता द्यावा, हे आत्ताच ठरवा. ‘आयपी लिंक सेट … व्हीएफ ० मॅक …’ या धर्तीचे जुने कॉलबॅक अजून सगळे वापरतात आणि मॅक, व्हीएलएएन, ट्रस्ट, स्पूफ तपासणी एवढे तुम्हीही द्यावेत. पण कर्नलच्या कागदपत्रांत ती एपीआय गोठवलेली आहे असं स्पष्ट म्हटलेलं आहे, तिच्यात नवीन काही भर घेतली जाणार नाही. तुमच्या चिपमध्ये नीट अंतर्गत स्विच असेल तर डेव्हलिंकमधून (उपकरणाच्या मांडणीचा कर्नलमधला इंटरफेस) स्विचडेव्ह मोड (चिपमधला स्विच कर्नलच्या हाती देणारा) आणि प्रत्येक व्हीएफसाठी होस्टवर एक प्रतिनिधी नेटडेव्ह, या वाटेने जा. पहिल्या पॅच मालिकेत दोन्ही आणायचा अट्टाहास नको.

लाइव्ह मायग्रेशन हवं का असं कोणी विचारलं तर आधी चिपवाल्यांना विचारा. व्हीएफची आतली अवस्था बाहेर काढून दुसऱ्या कार्डात भरता येत नसेल तर ड्रायव्हर काही करू शकत नाही. येत असेल तर ५.१८ पासून व्हीएफआयओमध्ये त्यासाठीचा दुसऱ्या पिढीचा प्रोटोकॉल आहे आणि एमएलएक्स५ चा कोड वाचण्यासारखा आहे. नसेल तर गेस्टमध्ये व्हीएफच्या जोडीला व्हर्टआयओचं (सॉफ्टवेअरने बनवलेलं) कार्ड ठेवून मायग्रेशनच्या वेळी त्यावर उतरण्याची सोय आहे. आणि ज्याला तारेचा पूर्ण वेग लागत नाही त्याला नुसतं व्हर्टआयओच द्या, त्याला एसआर-आयओव्हीच्या या बंधनांत अडकवायचं कारण नाही.

चाचणीसाठी प्रत्येक डेव्हलपरला खरं कार्ड मिळत नाही, म्हणून हे सांगतो. क्यूएमू ८.० पासून त्यात आयजीबी कार्डाचं एम्युलेशन आहे, एसआर-आयओव्हीसकट. क्यू३५ मशीन, त्यात एम्युलेट केलेलं इंटेल आयओएमएमयू आणि ‘आयजीबी’ डिव्हाइस घेतलंत की गेस्टच्या आत खरे व्हीएफ उगवतात आणि आतल्या गेस्टला देताही येतात. तुमची चिप त्यात नाही, पण आयजीबीचा कोड लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारा) आणि कासान (मेमरीच्या चुका पकडणारा) लावून तिथे चालवून बघितलात की बरोबर क्रम कसा दिसतो ते समोर येतं, आणि मग तुमचा कोड शेजारी ठेवून ताडता येतो.

तुमच्या स्वतःच्या कार्डावर लॉकडेप आणि कासान चालू ठेवलेलं कर्नल घ्या आणि या गोष्टी एका लूपमध्ये रात्रभर चालू द्या: व्हीएफचा मॉड्यूल आधी लोड करून आणि न करता, दोन्ही प्रकारे व्हीएफ चालू-बंद करणं, ते चालू असताना पीएफ अप-डाउन करणं, ट्रॅफिक चालू असताना क्यूएमूला किल -९ देणं, आणि लगेच तोच व्हीएफ दुसऱ्या गेस्टला देऊन आधीच्या व्हीएलएएनचं एखादं तरी पॅकेट येतं का ते टीसीपीडंपने पाहणं. याच्या जोडीला व्हीएफ ड्रायव्हरची एक बिघडवलेली प्रत ठेवा, जी मेलबॉक्समध्ये मुद्दाम मर्यादेबाहेरचे आकडे पाठवते. पॅच मालिका पाठवताना मेलबॉक्सच्या तपासणीचा पॅच व्हीएफ चालू करणाऱ्या पॅचच्या आधी ठेवा, म्हणजे मधल्या कोणत्याही कमिटवर कोणी थांबलं तरी उघडं दार मिळणार नाही.